शिकायला जायचं तर पावसाळ्यात जा

मागच्या अंकात मातीच्या घरांवर दोन पानं काय छापली, तेव्हापासून पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज थांबायलाच तयार नाहीत. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न बाजूला काढले आणि जिथं खरंच कुणाचं काहीतरी अडलंय ते घेतले. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातला, वय २६, बीई सिव्हिल. पुण्यात एका बिल्डरच्या साइटवर तीन वर्षं झाली, नुसते स्लॅब आणि स्लॅब. आता सहा महिने नोकरी सोडून अशा ठिकाणी राहायचंय जिथं लोक ठरवून एकत्र राहतात, शेती करतात, स्वयंपाक एकत्र, आणि माती-चुना-बांबूची घरं स्वतःच्या हातानं बांधतात. पप्पा म्हणतात, किल्लारीत मातीच्या घरांनी माणसं गाडली आणि तू इंजिनिअर होऊन तेच शिकायला निघालास. त्यांना काय सांगू? आणि सहा महिन्यांत खरंच काही येतं का, का नुसते फोटो काढून परत यायचं?

उत्तर : आधी पप्पांचं घेते, कारण ते चुकीचं बोलत नाहीयेत, अर्धवट बोलतायत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले, गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले, आणि लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास १० हजार माणसं गेली. किल्लारी तुमच्याच तालुक्यातली. ज्यानं ते डोळ्यांनी बघितलंय त्याला मातीच्या भिंतीची भीती वाटणारच, ती काय वाद घालून जाणारी गोष्ट नाही, त्यामुळं 'पप्पा तुम्हाला यातलं कळत नाही' हे तोंडातून काढूसुद्धा नको. पण नेमकं पडलं काय ते बघ. ती बहुतेक घरं दगडाची होती, माती फक्त दगड बसवायला. अडीच-तीन फूट जाड भिंत, बाहेरून एक थर दगड, आतून एक थर, मधे खडे, चुरा आणि चिखल, आणि दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड कुठंच नाही. वरती माळवद, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. त्यावर गळतंय म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा अजून एक थर, असं आजा-पणज्यापासून चालत आलेलं, म्हणजे फूट-दीड फूट, काही घरांवर दोन फुटांच्याही वर माती. जमीन हलली तशी भिंत मधूनच फाकली आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर. जिथं लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा दमदार होता तिथं भिंती ढासळूनही काही घरांचं छत जागेवर राहिलं, आणि हलक्या छपराच्या कुडाच्या खोपटांनी तेवढा घात केला नाही. म्हणजे घात केला तो वजनानं आणि सांधा नसल्यानं.

आता तू सिव्हिलचा म्हणून अजून एक सांगते. त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्युरोचं आयएस १३८२७ निघालं, मातीचं घर भूकंपात कसं टिकवायचं यावर. कॉलेजात कुणी नाव तरी काढलं होतं का? त्यात साधे साधे नियम आहेत, भिंतीची उंची जाडीच्या आठपटीच्या वर नको, दार-खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नको, कोपऱ्यापासून चार फुटांच्या आत भोक पाडायचं नाही, आणि सगळ्या भिंतींना एकत्र धरून ठेवणारे आडवे पट्टे घराभोवती बांधायचे. किल्लारीचा भाग भूकंपाच्या आधी नकाशावर झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा, आणि २००२ च्या सुधारणेत तो झोन ३ मध्ये गेला. हे सगळं पप्पांना लेक्चर म्हणून ऐकवू नको. कागद-पेन्सिल घे, त्यांच्या शेजारी बस आणि त्यांनी बघितलेलं एखादं घर कसं पडलं ते त्यांनाच काढून दाखवायला लाव. कुठली भिंत आधी गेली, कुठल्या बाजूला गेली, वर काय होतं. ज्या लोकांकडं पैसे भरून शिकायला जाशील त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी एवढं जवळून काही बघितलेलं नसतं.

आता तुझं. दहा दिवसांच्या वर्कशॉपमध्ये भिंत बांधायला शिकवतात. भिंत उभी राहिली, सगळ्यांनी चिखलाचे हात वर करून फोटो काढला, सर्टिफिकेट घेतलं, घरी. ती भिंत जुलैत कशी दिसते हे कुणी बघत नाही. एकत्र राहणाऱ्या लोकांत जाऊन राहायचा खरा फायदा इथं आहे, ते त्याच भिंतीच्या आत झोपतात, गळालं तर त्यांच्याच अंथरुणावर गळतं, त्यामुळं दुरुस्ती हा तिथला रोजचा विषय असतो. म्हणून माझं म्हणणं बाकी सगळ्यांच्या उलट आहे. सगळे म्हणतील डिसेंबर-जानेवारीत जा, हवा छान असते, बांधकाम जोरात असतं. तू पावसाळ्यात जा. मे महिन्यात पोच, म्हणजे पावसाआधीची धावपळ सापडेल, गिलाव्याच्या चिरा बुजवणं, कडेला चर काढणं, छपराची दोरी बदलणं. मग दोन-तीन महिने पाणी कुठून येतं, कुठं आपटतं, भिंतीच्या पायथ्याला किती उंचीपर्यंत उडतं, कुठल्या कोपऱ्यात ओल राहते, हे नुसतं बघत रहा आणि वहीत लिही. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला नवीन काम सुरू झालं की मग चिखलात पाय घाल. तोपर्यंत तुला कळलेलं असेल की खाली दोन फूट दगडी जोतं का हवं आणि वर छपराची वळचण दोन फूट बाहेर का काढायची. फक्त एक, तामिळनाडूत ऑरोविलकडं जाणार असशील तर हे गणित बदलतं, तिकडं मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आपल्या उलटं.

कुठं जायचं म्हणशील तर ऑरोविल आहेच, १९६८ सालची वसाहत, तिथं १९८९ पासून ऑरोविल अर्थ इन्स्टिट्यूट चालतं. पण तिथलं मुख्य काम म्हणजे मशीनमध्ये दाबून केलेल्या, थोडं सिमेंट घातलेल्या मातीच्या विटा, कमानी, घुमट. इंजिनिअरच्या डोक्याला ते झेपतं आणि पटतं पण, आणि कोर्स रीतसर असतात. हाताच्या कामाची हौस असेल तर हिमाचलमध्ये बीरला धर्मालय नावाची संस्था आहे, तिथं राहून, सेवा म्हणून काम करत मातीचं बांधकाम शिकता येतं. त्या कांगडा भागात दीदी कॉन्ट्रॅक्टर या बाईंनी माती, दगड, बांबू आणि स्लेटची घरं करत आयुष्य घालवलं, २०२१ मध्ये त्या गेल्या. आर्किटेक्चरची डिग्री नव्हती त्यांच्याकडं, हे पप्पांना नको सांगू, डिग्री कशाला घेतली मग असं ऐकावं लागेल. आणि एवढं लांब जायच्या आधी वर्ध्याला जाऊन ये. सेवाग्रामची बापू कुटी १९३६ च्या सुमाराची, माती, लाकूड, बांबू, कवेलू म्हणजे कौलं, आसपासचंच सगळं सामान. ती अजून उभी आहे कारण तिची सतत निगा राखतात. निगा राखणाऱ्या माणसांशी बोल, कुटी बघायला पंधरा मिनिटं पुरतात.

पण तिथं राहणं म्हणजे नुसतं बांधकाम नाही हे डोक्यात ठेव. बहुतेक ठिकाणी दिवसाचे चार-पाच तास काम आणि बाकी वेळ भांडी, भाजी चिरणं, संडास साफ करणं, आणि मीटिंगा. मीटिंगा फार असतात. दगड कुठून आणायचा यावर अख्खी संध्याकाळ जाऊ शकते, आणि तुला साइटवर ठेकेदाराला फोनवर झापायची सवय. काही ठिकाणी दूधसुद्धा चालत नाही, म्हणजे चहा काळा. मराठवाड्याच्या माणसाला हा सगळ्यात मोठा धक्का असतो, माती-बिती नंतर. जायच्या आधी फोनवर तीन-चार गोष्टी सरळ विचार : मी असेन त्या महिन्यांत नेमकं कुठलं काम चालू असणार आहे, मला शिकवणारा माणूस स्वतः कामावर असतो का, राहण्या-जेवणाचे किती घेता, आणि तुमचं सगळ्यात जुनं मातीचं बांधकाम किती वर्षांचं आहे. या शेवटच्या प्रश्नाला कुणी 'आम्ही नुकतंच सुरू केलंय' म्हणालं तर वाईट काही नाही, पण मग तू तिथं शिकायला नाही, त्यांच्याबरोबर चाचपडायला चाललायस, हे समजून जा.

आणि सगळ्यात आधी पंधरा दिवस गावातल्या नाहीतर शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याच्या हाताखाली काढ, ज्यानं माळवद केलेलं आहे असा. दुरुस्तीचं काहीतरी काम असतंच. त्याला 'नॅचरल बिल्डिंग' वगैरे म्हणू नको, 'काय करूलालास बाबा, सिमेंट संपलं का पुण्यात' असं विचारेल तो.

प्रश्न : मी पाथरीची. माझा मुलगा दक्षिणेत अशाच एका कम्युनिटीत चार महिने राहून मातीकाम शिकून आला. आता शेतात खोली बांधायची म्हणतो, आपल्याच मातीची. आमची सगळी काळी जमीन. त्यानं विटा पाडल्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्या विटांना भेगा, काही तर दोन तुकडे. म्हणतो तिथं तर अस्संच केलं होतं. त्याचा हिरमोड झालाय. काय करावं?

उत्तर : ताई, त्याला शिकवणाऱ्यांचं काही चुकलेलं नाही आणि त्याचंही नाही. तिकडची माती लाल, वाळूमिश्रित. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या तुम्ही आयुष्यभर बघताय, तेच विटेत होतं. हात शिकून येतात, पण माती ज्याची त्याला घरी येऊन परत शिकावी लागते. काळी माती एकटी विटेला चालत नाही. आपल्याकडच्या जुन्या लोकांनी तरी काळ्या मातीची घरं कुठं बांधली? गावठाणाची पांढरी माती घ्यायचे, भेंडे म्हणजे कच्च्या विटा त्याच्याच.

करायचं असं. एक स्वच्छ काचेची बाटली घ्या, तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू लगेच खाली बसते, मधला गाळ तास-दोन तासांत, आणि चिकण माती एक दिवस, काळ्या मातीत तर त्याहून जास्त पण पाणी गढूळ राहतं. विटेसाठी वाळूचा भाग निम्मा ते पाऊण पाहिजे आणि चिकण पंधरा ते तीस टक्क्यांत. तुमच्या मातीत हे उलटं निघेल. मग बारीक चाळलेला मुरूम मिसळायचा, आपल्याकडं मुरुमाला तोटा नाही, वाळू परवडतही नाही आणि कायद्यानं मिळणंही अवघड. प्रमाण मी इथून सांगणार नाही, प्रत्येक शेताचं वेगळं असतं. एकास एक, एकास दोन, एकास तीन अशा वेगवेगळ्या विटा पाडा, प्रत्येकीवर काडीनं खूण करा, आणि सावलीत वाळवा, उन्हात नाही. तीन-चार आठवडे द्या. गव्हाचं भुसकट बारीक करून घाला, आणि कालवलेला चिखल एक-दोन रात्री तसाच मुरू द्या. पटकन बघायचं असेल तर ओलसर मातीचा लिंबापेक्षा मोठा गोळा करून छातीच्या उंचीवरून टाका. चुरा झाला तर वाळू जास्त, चिपटा बसून तसाच राहिला तर चिकण जास्त, दोन-चार तुकडे झाले तर जवळपास जमलं. इतकं करूनही काळी मातीच वापरायची असेल तर तिला सिमेंटपेक्षा चुना जास्त मानवतो, वजनाच्या सहा ते आठ टक्क्यांपासून सुरू करून बघा.

पण विटेपेक्षा पाया महत्त्वाचा, इथं बऱ्याच जणांची खोली फसते. काळ्या रानात वरवर पाया घातला तर जमीन दरवर्षी वरखाली होते आणि भिंत मातीची असो का काँक्रीटची, तडकतेच. खोदून मुरूम लागेपर्यंत खाली जा. फार खोल असेल तर पायाच्या खाली आणि बाजूला मुरूम-वाळू भरून दाबा, त्यावर दगडी जोतं, आणि भोवती चारही बाजूंनी उताराचा ओटा, म्हणजे पाणी पायापाशी थांबणारच नाही.

गिलाव्याला तुमच्याकडं अंबाडी किंवा तागाचे तंतू मिळाले तर भुसकटापेक्षा बरे, चिरा कमी पडतात. वेरूळच्या बाराव्या लेण्यातल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं संशोधन २०१६ मध्ये आलं होतं, अजिंठ्याच्या चित्रांखाली तर माती, शेण, तूस असलंच सगळं आहे. म्हणजे मातीत काय घालावं हे आपल्याकडच्या लोकांना फार जुनं माहिती होतं, फक्त मधल्या दोन पिढ्यांत आपण सगळंच सिमेंटच्या पोत्यावर सोडलं. मुलाला सांगा, हिरमोड नको, विटा पाडत रहा, भेगा गेलेल्या विटा भिजवून परत कालवता येतात, भाजलेल्या विटेला ही सोय नाही.

प्रश्न : मातीचं घर स्वस्त पडतं ना? (नांदेड)

उत्तर : सामान स्वस्त पडतं, मजुरी नाही. तुम्ही, घरचे, मित्र मिळून हात लावणार असाल तर पडतं. सगळं रोजंदारीवर करणार असाल तर विटा-सिमेंटच्या आसपासच जातं, आणि दरवर्षी सारवण-दुरुस्ती धरायची ती वेगळीच. आणि बीड-धाराशिवकडं काम काढायचं असेल तर हेही धरा की दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि कोरड्या मोसमातच माणसं मिळत नाहीत. गवंडी आधी ठरवा, प्लॅन नंतर.

प्रश्न : मी बीडची, २३ वर्षांची, नुकतंच एमएसडब्ल्यू झालंय. मलाही असं राहून शिकायचंय, पण घरी 'अनोळखी लोकांत एकटी पोरगी' म्हणून विषयच बंद. त्यांची समजूत कशी घालू? आणि बायकांना तिथं गवंडीकाम खरंच करू देतात का, की स्वयंपाकघरात पाठवतात?

उत्तर : घरच्यांची भीती खोटी नाही, त्यामुळं समजूत घालण्याआधी तू स्वतः खात्री कर. संस्था नोंदणी झालेली आहे का, तक्रार समिती आहे का आणि तिचे नंबर भिंतीवर लावलेत का, बायकांची राहायची सोय वेगळी आणि आतून कडी लागणारी आहे का, आणि आधी राहून गेलेल्या दोन-तीन मुलींशी तू थेट बोलू शकतेस का. संस्था त्या मुलींचे नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथं जाऊ नको, मग त्यांचे फोटो कितीही सुंदर असू दे. एखादा गुरू किंवा संस्थापक सोडून बाकी कुणी बोलतच नाही अशी जागासुद्धा टाळ. पहिल्यांदा आठवडाभरच जा, आई नाहीतर मामी कुणीतरी दोन दिवस सोबत येऊ दे. आईला तिथली चूल आणि शेण कालवणं दिसलं की अर्धी भीती तिथंच उतरते, वरून 'एवढं शेण घालतात का कुठं' म्हणून ती त्यांनाच शिकवायला लागेल.

गवंडीकामाचं विचारलंस ते बरं केलंस. एकत्र राहतात म्हणजे सगळं समान असतं असं काही नाही, पुरुष थापी धरतात आणि बायका पाट्या उचलतात असं तिथंही बघायला मिळतं. पहिल्याच दिवशी सांग की मला ओळंबा आणि सूत, म्हणजे भिंत सरळ ठेवायची गवंड्याची हत्यारं, धरायचीत. आणि लांब जायची गरज नसेल तर हे बघ की भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं मोठं काम झालं, त्यात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून होत्या, घराघरात जाऊन लोकांना समजावणं, कामावर लक्ष ठेवणं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था त्यातूनच या भागात रुजली. त्या पिढीतल्या बायका आता साठीच्या आसपास असतील, गावात चौकशी कर, बसून बोलतील. तुझ्या आईलाही त्यांच्याबरोबर पाठवायला भीती वाटणार नाही.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, परांडा तालुका. वडिलोपार्जित माळवदाचा सात खणी वाडा आहे. मुलं म्हणतात पाडून स्लॅब टाका. माझं मन होत नाही, पण १९९३ नंतर आत झोपायलाही धास्ती वाटते. मध्यम मार्ग आहे का?

उत्तर : सर, आहे, पण आधी वर चढून बघावं लागेल. वाड्याचं मरण बहुतेक वेळा माळवदावर असतं. एका कोपऱ्यात खणून मातीचा थर मोजा. फुटाच्या वर असेल तर आधी ती माती हळूहळू, सगळीकडून सारखी उतरवून घ्या, एकाच बाजूनं उतरवली तर तोल जातो. तेवढ्यानंच घराच्या डोक्यावरचं बरंच ओझं जाईल. मग लाकूड बघा, तुळईची टोकं भिंतीत जिथं गेलीत तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचून, कारण कुजकं आणि उधई लागलेलं तिथंच सापडतं, मधे खोलीत सगळं ठणठणीत दिसतं. खांब आणि तुळईच्या मधे तिरपे टेकू बसवले की सांगाडा बाजूला झुकत नाही. भिंतीत दोन-तीन फुटांवर एकेक भोक आरपार काढून त्यात सळई आणि काँक्रीट भरतात, ती आरपार दगडाची जागा घेते, आणि दारांच्या वरच्या उंचीला घराभोवती पट्टा. किल्लारीनंतर या पद्धती आपल्याच भागात वापरल्या गेल्यात, नवीन शोध नाही. पण हे मी इथं बसून लिहिते म्हणून गवंड्याला बोलावून सुरू करू नका, जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर प्रत्यक्ष बघून जाऊ दे, त्याची फी वाड्याच्या एका तुळईपेक्षा कमी असते. तोपर्यंत पावसात जाड दगडी भिंतीला लागून झोपू नका, पडवीत झोपा.

आणि वरच्या औशाच्या मुलासारखी शिकणारी पोरं वाड्याच्या दुरुस्तीला आनंदानं येतील, जेवण आणि राहायची सोय केलीत तर. मुलांनाही बघू दे आजोबांच्या घराला बाहेरून लोक बघायला येतात ते.

प्रश्न : आम्ही चार मित्र, छत्रपती संभाजीनगरमध्ये आयटी आणि फार्मात नोकरीला. खुलताबादकडं दोन एकर घेऊन आपलीच कम्युनिटी सुरू करायची, मातीची चार घरं आणि एक कॉमन किचन. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तलाठ्यापासून. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावं लागतं, चौघांत कुणाच्या नावावर सातबारा आहे ते आधी बघा. आणि मराठवाड्यात इनामी जमिनींचा गुंता फार, मदतमाश, देवस्थान, वर्ग २ अशा विकण्यावर बंधनं असलेल्या, त्यामुळं स्वस्तात मिळतेय म्हणून इसार देऊन मोकळे होऊ नका, जुने फेरफार काढून वकिलाला दाखवा. शेतात घर बांधायलाही परवानगीचे नियम आहेत, ग्रामपंचायतीला विचारल्याशिवाय एक दगड रचू नका. दुसरं म्हणजे चौघांतला एक दोन वर्षांनी कंटाळला किंवा त्याची बदली झाली तर त्याच्या पैशांचं आणि घराचं काय, हे आत्ता, दोस्ती घट्ट असताना, स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. माझ्या बघण्यात अशा जागा मातीमुळं नाही मोडल्या, या कागदाच्या अभावी मोडल्या.

बांधकाम म्हणाल तर चार घरं डोक्यातून काढा. पाणी आहे का ते एका उन्हाळ्यात बघा, मग संडास, मग एक साधी शेड आणि त्यात किचन. पहिलं वर्ष सगळे त्याच शेडमध्ये शनिवार-रविवार राहा, भांडी कोण घासतं ते कळेल. मातीचा पहिला प्रयोग कंपाउंडची छोटी भिंत नाहीतर गोठा असू दे, तिच्यावरून एक पावसाळा जाऊ दे, मग घराचं बघू.

प्रश्न : चुन्याचं काम शिकताना हाताची साल निघाली, नॉर्मल आहे का? (हिंगोली)

उत्तर : नाही. कळीचा चुना भिजवताना उकळतो, आणि भिजलेला चुनाही त्वचा खातो. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, पायात बूट, आणि शेजारी पाण्याची बादली कायम. डोळ्यात उडाला तर चोळायचं नाही, भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि सरळ दवाखाना गाठायचा. हात बरे होईपर्यंत चुन्याला हात लावू नका, चाळायचं काम घ्या, तेही नाकाला फडकं बांधून. आणि शिकवणारा स्वतः उघड्या हातानं चुना कालवत असेल तर त्याचं बघून करू नका, त्याच्या हातांना सवय झालेली असते, तुमच्या नाही.